वादळ कुणाच्या घरातलं?

दोन लेखक एकमेकांच्या प्रेमात पडले की चित्रपटवाल्यांचं फावतं. जुने पोशाख, बग्ग्या, शाईच्या दौती, फाडलेली पत्रं, सगळं आयतं मिळतं. १९९९ साली दियान क्यूरिस या फ्रेंच दिग्दर्शिकेनं कादंबरीकार जॉर्ज साँद आणि कवी आल्फ्रेद द म्युसे यांच्यावर असाच एक चित्रपट काढला. हे प्रेम १८३३ साली पॅरिसमध्ये जमलं आणि व्हेनिसला जाऊन विस्कटलं. म्युसे तिथं आजारी पडला आणि त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरवर साँदचं मन जडलं! पुढे १८३६ साली म्युसेनं या प्रेमावर कादंबरी लिहिली. तो वारल्यावर, १८५९ साली, साँदनं आपली बाजू कादंबरीतूनच मांडली. तिला उत्तर म्हणून त्याच वर्षी म्युसेच्या भावानं तिसरी कादंबरी काढली. भाऊबंदकी काही फक्त शेताच्या बांधावरच असते असं नाही.

आपल्याकडे असं कुठं असतं, असं कुणी म्हणेल. असतं की! फक्त आपलं वादळ चाळीस-चाळीस वर्षं घराची दारं लावून बसतं.

२०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महेश मांजरेकरांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ दोन भागांत आला. आम्ही बिबवेवाडीकर नवरा-बायकोनं सातारा रस्त्यावरच्या थिएटरात दोन्ही भाग पाहिले. सागर देशमुखांचे पु. ल. आवडले, इरावती हर्षे यांच्या सुनीताबाई त्याहून आवडल्या. पण दुसरा भाग संपल्यावर रिक्षात बसता बसता आमच्या घरातून प्रश्न आला, “अजी, ये औरत लिखती कब थी?”

मी निरुत्तर. घर सांभाळणाऱ्या, हिशेब बघणाऱ्या, नवऱ्याला शिस्त लावणाऱ्या सुनीताबाई डोळ्यांसमोर होत्या. कागद पुढे ओढून लिहायला बसलेल्या मात्र आठवेनात. दिग्दर्शकाची अडचण मला कळते. पु. ल. पेटी वाजवतात, गातात, नकला करतात. कॅमेऱ्याला आणखी काय हवं? लिहिणारं माणूस नुसतं बसलेलं असतं. तिकीट काढून आलेल्यांना ते किती वेळ दाखवणार? शिवाय चित्रपटाचं नावच ‘भाई’.

पण गोष्ट दोघांची होती. १२ जून १९४६ ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनं त्यांचं लग्न झालं. अर्जाच्या कागदाचे आठ आणे, तेही वधूनंच भरलेले. पुढची चव्वेचाळीस वर्षं महाराष्ट्र या जोडीकडे कौतुकानं पाहत होता. १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि त्या ‘तरी’नं अनेकांची झोप उडाली. पु. लं.बद्दल असं लिहावं का, ही कुजबुज आम्ही पुणेकरांनी भरपूर ऐकली. थोडी केलीही असेल. मला त्या पुस्तकातल्या तक्रारींपेक्षा त्याची वेळ विलक्षण वाटते. साँदनं म्युसे जाईपर्यंत वाट पाहिली. सुनीताबाईंनी पु. ल. हयात असताना लिहिलं आणि त्यानंतरही दहा वर्षं संसार केला. लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, १२ जून २००० ला, पु. ल. गेले.

आणि ते पुस्तक म्हणजे भांडण नव्हे. ज्याच्याशी नातं संपवायचं असतं त्याचा एवढा बारीक हिशेब कुणी ठेवत नाही. कवी म्हणून मला आणखी एका गोष्टीची हळहळ वाटते. बाकीबाब बोरकरांच्या कविता या दोघांनी व्यासपीठावर बसून लोकांना ऐकवल्या. दुसऱ्याच्या कवितेसाठी आपला आवाज देणारं असं जोडपं मी तरी दुसरं पाहिलं नाही. प्रेमकथा चित्रित करायची तर ती तिथं होती. जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रं २००३ साली पुस्तकरूपानं आली, त्यांत तर सुनीताबाई निव्वळ लेखिका म्हणून भेटतात. तिथं भाई जवळपास पाहुणे.

माझ्या मनातला प्रसंग अगदी साधा आहे. रात्र झालीय, एका खोलीत बाई लिहितायत. ज्याच्याविषयी लिहितायत तो शेजारच्या खोलीत खोकतो. त्या उठतात, पाणी देतात, पांघरूण सारखं करतात, परत येऊन अर्धं राहिलेलं कडवट वाक्य पुरं करतात. एकही शब्द न बदलता. संवाद नको, पार्श्वसंगीत तर नकोच.

त्या रात्री घरी आल्यावर बायकोनं कपाटातून ‘आहे मनोहर तरी’ काढलं. ते अजून तिच्याच उशाशी आहे. हल्ली समासात पेन्सिलीच्या खुणाही दिसतात. कुठल्या वाक्यांवर आहेत, ते मी विचारलेलं नाही.