पाणी गेलं, चुंबकत्व बदललं

जयपूरच्या मालवीय नगरातून बोलतोय. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी की टॉवेल बघता बघता वाळतो. जुलैत पाऊस आला की तीच हवा दमट होते. या फरकाने माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला चांगलंच रडवलं.

तिने कोबाल्ट क्लोराइडचं चुंबकत्व मोजलं होतं. मे महिन्यात उत्तर बरोबर आलं, जुलैत जवळजवळ निम्मं. "सर, माझंच काही चुकलं का?" मी विचारलं, पुडीचा रंग कोणता होता? "तेव्हा निळा. आता गुलाबी आहे."

उत्तर तिथेच होतं. निळी पूड कोरडी. उघड्या बाटलीत तिने हवेतलं पाणी ओढलं आणि ती गुलाबी झाली. गुलाबी क्षारात प्रत्येक कोबाल्टमागे पाण्याचे ६ रेणू असतात. म्हणजे वजनाचा ४५ टक्के भाग पाणीच! १०० मिलिग्रॅम समजून तोललेल्या पुडीत कोबाल्ट क्लोराइड होतं फक्त ५५.

पण पाणी म्हणजे नुसतं जादा वजन नव्हे. ते स्फटिकाची रचनाच बदलतं. कोरड्या क्षारात क्लोरीनचे पूल कोबाल्टना जोडून पत्र्यासारखे थर करतात. पाण्याचे २ रेणू आले की थर तुटून साखळ्या उरतात. ६ आले की प्रत्येक कोबाल्ट सुटा पडतो, शेजाऱ्याशी फक्त हायड्रोजन बंधांचा कच्चा दुवा राहतो.

आता हे तिन्ही थंड करत जा. कोबाल्टचे छोटे चुंबक शिस्तीत उभे राहतात, पण केव्हा? थरांत सुमारे २५ केल्विनला, साखळ्यांत १७ला, सुट्या कोबाल्टना मात्र २.३पर्यंत खाली यावं लागतं. धातू तोच, पण शेजाऱ्याचा निरोप पोचवणारे पूल गेले.

क्लोरीनच्या जागी लांब सेंद्रिय रेणू घातले की पोकळ्या असलेली धातू-सेंद्रिय जाळी तयार होतात. त्यांच्या कामासाठी २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमार याघी यांना मिळालं. याघींच्या गटाने तर अशा जाळ्यांनी वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलं. राजस्थानात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. कितागावांनी दाखवलं की काही जाळी लवचिक असतात; पाहुणा रेणू आत आला, बाहेर गेला की आकार बदलतात. आकार बदलला की धातूंमधलं अंतर आणि कोन बदलतात, आणि बऱ्याचदा चुंबकत्वही.

म्हणून त्या मुलीला एवढंच सांगितलं. जुलैचं उत्तर खोडू नकोस. वहीत तारीख लिही, रंग लिही, बाटली किती वेळ उघडी होती तेही लिही. तू चुकीचं मोजलं नाहीस. तू दुसराच स्फटिक मोजलास.