छोट्या आगगाडीचा सूत्रधार



टेबलावरच्या आगगाड्या संगणकाकडून चालवायच्या, तर सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? पडद्यावरच्या चित्रांना भुलू नये. रुळांतून वीज आणि हुकूम एकदमच वाहतात. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलतो. पण गाडी पोचली कुठे? ते कळावे म्हणून रुळांचे तुकडे विजेपुरते अलग करून प्रत्येकाला शोधक जोडावा लागतो. तो नसेल तर महागडे सॉफ्टवेअरही आंधळेच! तेव्हा आधी शोधक. मग हुकूम सोडणाऱ्या आपल्या यंत्राशी ज्याचे जुळते, ते सॉफ्टवेअर.

जर्मनीचे 'ट्रेनकंट्रोलर' विकत घ्यावे लागते. आपोआप गाड्या चालवण्यात ते वाकबगार. 'जेएमआरआय' फुकट, आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचता-सुधारता येते. या फुकट वस्तूपायी तिचे एक कर्ते, कॅलिफोर्नियातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बॉब जेकबसेन, कोर्टाची पायरी चढले! आपल्या फायली दुसऱ्याने नावे गाळून वापरल्या, ही त्यांची तक्रार. फुकट दिले तरी घातलेल्या अटींना कायद्याचे बळ असते, असा निर्वाळा अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००८ साली दिला.

माझा कौल जेएमआरआयला. मूळ कर्ता थकला, तरी दुसऱ्याला ते पुढे नेता येते. मात्र शिकायला ते किचकट आहे. पहिला महिना एकच गाडी आणि दोनच तुकडे पुरेत.