सारीपाट गेला, शब्द राहिले



परवा जुईनगरला लोकलची वाट पाहत उभा होतो. शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मथळा होता, 'दागिने घेऊन चोरट्यांचा पोबारा'. दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, "पोबारा म्हणजे काय?" उत्तर चटकन आले, "पळून जाणे." "पण यातला 'पो' कोण आणि 'बारा' कसले?" सगळा वर्ग गप्प. त्या गप्प बसण्यावरूनच आजचे हे बोलणे सुचले.

हा शब्द आला सारीपाटातून. आमच्या आजोबांकडे कापडी पट होता. अधिक चिन्हासारख्या चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. फासे तीन, लांबट, चौपैलू. त्यांवर एक, दोन, पाच आणि सहा एवढेच ठिपके. एका फाशावर एक, म्हणजे पौ, आणि उरलेल्या दोघांवर सहा-सहा, म्हणजे बारा, असे पडले की झाले 'पौबारा'! मोठे भाग्याचे दान. संकटातली सोंगटी एका झेपेत शत्रूच्या तावडीतून निसटायची. त्यावरूनच 'पोबारा करणे' आले, असे समजतात. आज हे दान खेळाडूच्या नव्हे, चोराच्या वाट्याला आले आहे, एवढेच!

दुसरा शब्द 'जुग'. एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की जुग झाले. 'युग' म्हणजे जोडी, त्याचेच हे रूप. एकटी सोंगटी मारता येते. जुगाला एकट्या सोंगटीचे भय नाही. जुग फुटले की मात्र धोका आलाच. चुलत्यांच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी आजोबा एवढेच म्हणाले, "जुग फुटलं रे." तेव्हा मी लहान होतो, मला वाटले पटाबद्दलच बोलताहेत. सगळे घर पार करून मधल्या घरात पोचलेली सोंगटी 'पुगली' म्हणत. अहो, हा शब्द तर आता ऐकूही येत नाही.

असाच एक खेळ इराणकडचा, नर्द. पाश्चात्त्यांचे बॅकगॅमन त्याच कुळातले. तिथेही घरे चोवीस, आणि एकटी सोंगटी मरते, जोडी मरत नाही. तुर्की आणि अरब खेळाडू आजही फाशांचे आकडे फारसीत पुकारतात, यक, दु, पंज, शश. आणि गंमत बघा, हिंदीत सोंगटीलाच 'नर्द' म्हणतात. खेळ देश ओलांडतात, तसे त्यांचे शब्दही ओलांडतात.

आपल्याकडचे शब्द तर फार जुने. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे मुळात फाशांच्या दानांची. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फासे खेळत बसलेली आहेत. जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरला आणि बाणाईकडे गेला, ही कथा तुम्ही जागरणात ऐकली असेलच. युधिष्ठिराचे काय झाले, ते सांगायला नकोच. म्हणून मी खेळाची भलावण करीत नाही. पैसा लावला की खेळ बिघडतो.

पण शब्दांचे तसे नाही. मुले आज मोबाइलवर लूडो खेळतात. पचिशीवरून बेतलेल्या या खेळाचे पेटंट इंग्लंडात १८९६ साली झाले. त्यातही आपली मुले 'सोंगटी', 'घर' म्हणतातच. 'दान पडले', 'फासे उलटे पडले' हे आपण रोज बोलतो. ज्यांनी पट मांडला ती पिढी मात्र थकत चालली आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एवढे करा. एखाद्या शनिवारी मुलांना सांगा, घरातल्या आजी-आजोबांना विचारून सारीपाटाचे पाच शब्द वहीत लिहून आणा. कोणते दान, त्याला गावात काय म्हणत, सगळे. खेडोपाडी हे शब्द वेगळे निघतील, आणि तेच मोलाचे. आमच्या आजोबांना मी विचारले नाही. त्यांचा पट माळ्यावर आहे, पण दानांची अर्धी नावे त्यांच्याबरोबरच गेली.

नमस्कार.