मातीच्या घराचे लेणे



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. या दोन्ही कामांतल्या खस्ता त्यांना ठाऊक होत्या. पण बांधलेले घर सजवावे कसे, यावर त्यांनी काही म्हण करून ठेवलेली माझ्या ऐकण्यात नाही. घर सारवले, चुना दिला, दारात रांगोळी काढली, की ते सजलेच, असे ते धरून चालत असावेत. आज तसे राहिलेले नाही. हातात चार पैसे आले की आपल्याला वाटते, घराला जरा रूप आणावे. वाटण्यात काही वावगे नाही. पण कोणते रूप, आणि कोणासाठी, एवढे दोन प्रश्न आधी विचारावेत. ते न विचारल्यामुळे माझी जी फजिती झाली, ती आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा एक स्नेही शहरात राहतो. त्याने गावाबाहेर जागा घेऊन एक बंगला बांधला. तो पाहायला मी गेलो, तर काय पाहावे! दिवाणखान्याच्या भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले. कोपऱ्यात जाते, त्यावर काचेची फळी. कुठल्याशा पडक्या वाड्याचे जुने दार विकत आणून त्याचे टेबल केलेले. भिंतींना मुद्दाम मातीसारखा दिसणारा रंग. "खेड्यातली ऊब आणलीय," तो म्हणाला. मी मान डोलावली खरी, पण मनातून ओशाळलो. कारण तो ज्या मातीच्या रंगासाठी पैसे मोजत होता, ती खरीखुरी माती मी माझ्या घरात पैसे मोजून झाकून टाकली होती.

आमचे घर सातारा जिल्ह्यात. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडे. जोते दगडी, भिंती कच्च्या विटांच्या, वर कौले. २०१२ साली हाती थोडी रक्कम आली. मला वाटले, आईला आता सुखात ठेवावे. सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, त्यावर फिकट हिरवा ऑइल पेंट दिला. कोनाडे आणि देवळ्या बुजवून टाकल्या, कारण सपाट भिंत मला आधुनिक वाटत होती. आई म्हणाली, "आरं, देवळी कशाला बुजवतोस? दिवा कुठं ठिवू?" मी म्हणालो, "आई, आता ट्यूब आहे."

दोन पावसाळे गेले. भिंतीच्या तळाशी लोणा दिसू लागला, रंगाचे पोपडे सुटू लागले. मी पुन्हा रंग दिला. पुन्हा पोपडे. आई सांगत होती, "भिंत घामेजतीया बघ. तिचा जीव कोंडलाय." मी एम. ए. झालेला माणूस, मला ते बाईमाणसाचे बोलणे वाटले. शेवटी ती म्हणाली, "तू शिकल्याला हाईस बाबा, पर भिंतीला इचार की," आणि आपले अंथरूण माजघरातून उचलून सोप्यात घेऊन गेली. २०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडे मोठा पाऊस झाला. एका रात्री माजघराची मागची भिंत आत बसली. जिथे तिचे अंथरूण पूर्वी असायचे, नेमकी तिथे.

श्रोतेहो, त्या रात्रीनंतर मी भिंतीला विचारायला शिकलो.

काय घडले होते ते सरळ आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडीफार वर ओढते आणि उन्हावाऱ्यात ती हळूहळू बाहेर सोडून देते. माती आणि चुना यांतून ही वाफ सहज निघून जाते. सिमेंटचा कडक थर आणि त्यावरचा तेलरंग तिची वाट अडवतो. ओल आत साठते, विटा भिजून मऊ होतात, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून लापशीसारखी होत जाते. शिवाय माती मऊ आणि सिमेंट ताठर. उन्हाने तापून दोघे सारखे फुगत नाहीत, सारखे आकसत नाहीत. मग फटी पडतात, आणि त्या फटींतून आणखी पाणी शिरते. सिमेंट वाईट नाही. सिमेंटच्या घराला सिमेंट शोभते. मातीच्या घराला मात्र मातीचेच लेणे लागते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही घर पुन्हा उभे केले. गावातले एक म्हातारे गवंडी मदतीला आले. त्यांनी मला पहिला धडा दिला, "मास्तर, घर सजवायचं तर आधी छपराकडं बघा." खरेच आहे. पागोळ्या भिंतीवर पडत असतील तर भिंतीवर कितीही चित्रे काढा, व्यर्थ. म्हणून पहिल्यांदा कौले परतली, वळचण पुढे वाढवली, घराभोवती पाणी वाहून जाईल असा चर काढला. मग उरलेल्या भिंतींचे सिमेंट खरवडले. माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवून ते चार दिवस मुरू दिले, पायांनी तुडवले आणि त्याचा गिलावा केला. वाळताना बारीक भेगा पडल्या, त्या पातळ मातीने भरून घेतल्या.

त्यावर चुना. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक आहे, तरी रीत सांगतो. चुन्याच्या कळीला किलोमागे साधारण पाच लिटर पाणी घ्यावे. भांडे लोखंडी असावे, प्लास्टिकचे नको, कारण कळी पाण्यात पडली की ती उकळू लागते. मुलांना दूर ठेवावे, आणि चुना डोळ्यांत उडू नये म्हणून जपावे. एक दिवस तसाच ठेवून तो फडक्यातून गाळावा. गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. आधी फिका दिसतो, म्हणून घाबरू नका. वाळताना चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि दिवसागणिक पांढरा होत जातो. खाली हातभर उंचीचा काव किंवा गेरूचा पट्टा ओढावा. तो पट्टा नुसता शोभेचा नव्हे. पावसाचे शिंतोडे आणि पायांची धूळ त्यावर दिसून येत नाही. आपल्या जुन्या घरांतली शोभा बहुधा अशीच कामातून आलेली असते.

आता भिंतीवर टांगायचे काय? माझे म्हणणे असे, की एका भिंतीला एकच गोष्ट द्यावी. वडिलांची तसबीर असेल तर तिच्या शेजारी पाच कॅलेंडरे नकोत. जी वस्तू रोज हातात येते, ती नीट ठेवली की तीच शोभा देते. खुंटीवर घोंगडे, फळीवर ओळीने घासलेली तांब्या-पितळेची भांडी, कोपऱ्यात पायली आणि मापटे. आई-आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ट्रंकेत दडवू नका. ती खाटेवर अंथरा. तिचे रंग कोणत्याही विकतच्या चादरीपेक्षा घराशी अधिक जुळतात, कारण ते त्याच घरातले आहेत. प्लास्टिकच्या फुलांवर धूळ बसते. त्यापेक्षा तांब्यात झेंडूची चार फुले ठेवा. ती वाळली की टाकून द्या. आणि जुने दार, तुळई, खांब विकायला कोणी भंगारवाला आला, तर दोनदा विचार करा. तुमच्या दारातून शे-दोनशेला गेलेला खांब शहरातल्या हॉटेलात मानाने उभा राहतो.

उजेडाचेही तसेच. आम्ही देवळ्या पुन्हा मोकळ्या केल्या. माजघरात पिवळसर उजेडाचा दिवा लावला. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० असला की उजेड पिवळसर, ६५०० असला की पांढराफटक. मुलांच्या अभ्यासाच्या जागी लखलखीत दिवा हवाच. पण जेवायच्या आणि निजायच्या जागी पिवळा उजेड चुन्याच्या भिंतीवर पडला की घर कसे ऊबदार दिसते, ते एकदा करून पाहा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, विशेषतः पुरुष श्रोत्यांना. साधेपणाचे कौतुक आपण करायचे आणि त्यासाठी वाकायचे मात्र घरच्या लेकीसुनांनी, असे होऊ देऊ नका. शेणाची जमीन सुंदर खरी, पण दर चार-आठ दिवसांनी ती सारवणाऱ्या बाईचे गुडघे कोणी पाहिले? आमच्या घरी स्वयंपाकाच्या जागी आणि मोरीजवळ शहाबादी फरशी घातली. चूल गेली, गॅस आला, धुराने काळी होणारी भिंत वाचली. सारवण आता फक्त सोप्यात आणि अंगणात होते, आणि पोतेरे मीही हातात घेतो. पहिल्यांदा घेतले तेव्हा शेजारी हसले. आता हसत नाहीत.

साधे घर म्हणजे दरिद्री घर नव्हे, हे पाहायचे असेल तर कधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जा. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. १९४० साली ते सेवाग्राम झाले. तिथली बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले अशा आसपासच्या साहित्याची आणि गावातल्या कारागिरांच्या कसबाची आहे. देशोदेशीचे लोक तिथे येऊन त्यांना भेटत असत. बसायला चटई, लिहायला बुटके मेज. शोभा म्हणाल, तर मीराबहेन यांनी मातीच्या भिंतीवर मातीनेच उठवलेली ताडाची झाडे आणि ॐ. बाकी भिंत मोकळी. त्या मोकळ्या भिंतीसमोर बसले की मन आपोआप शांत होते.

शिक्षकबंधूभगिनींना एक विनंती. शाळेची एक भिंत मुलांकडे सोपवा. तेलरंगातली तयार चित्रे नकोत. गेरू, चुना, तांदळाचे पीठ एवढेच द्या, आणि गावातल्या दोन आजींना शाळेत बोलवा. त्यांना येणारी रांगोळी, तुळशीपुढची स्वस्तिके, नागपंचमीचा नाग, हे मुलांना शिकू द्या. वारली चित्रे आज सगळीकडे दिसतात. ती काढायलाही हरकत नाही. पण पालघर भागातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तिथून ही कला आली, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली, त्यासाठी त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हेही मुलांना सांगा. दुसऱ्याचे घेताना ते कोणाचे, हे सांगावे. आणि आपल्या आजीचे आधी घ्यावे.

माझी वेळ संपत आली. शेवटचे एवढेच सांगतो. घर पुरे झाले त्या दिवशी मी आईला माजघरात नेले. मला वाटले, ती गेरूचा पट्टा पाहील, मोकळ्या देवळ्या पाहील, काहीतरी कौतुकाचे बोलेल. तिने त्यांतले काहीच पाहिले नाही. मागच्या भिंतीजवळ गेली, तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "कोरडी हाय." आणि त्या रात्री आपले अंथरूण तिने सोप्यातून परत माजघरात आणले.

तुम्हीही आज दिवेलागणीला आपल्या घरच्या एखाद्या भिंतीला असाच हात लावून पाहा. रंगाचा, चित्रांचा विचार उद्या करू. आधी भिंत काय म्हणते ते ऐकू, आणि घरातली जी वडीलधारी बाई तिच्याशेजारी निजते, ती काय म्हणते तेही ऐकू.