ऑपेरा आणि ‘वन्समोअर’

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकाने महाराष्ट्राला एक गोड खोड लावली. पद रंगले की प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ची आरोळी उठावयाची, कथानक जागीच थबकावयाचे आणि नट तेच पद पुन्हा आळवावयाचा. नेमक्या त्याच काळात युरोपातील ऑपेरा मात्र उलट दिशेने चालला होता. इटलीतील रसिकही ‘बिस, बिस’ असा गजर करून पद परत मागत. ही मागणी अवघड होत जावी, अशी ऑपेराची घडणच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली.

रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या काळातील इटालियन ऑपेरा ही बहुधा पदांची माळ असे. आरिया म्हणजे एकट्याचे पद, मग युगुलगीत, मग समूहगान. आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे बोलण्याच्या ढंगाने गाइलेले संवाद. प्रत्येक पदाला स्वतःचा ठसठशीत शेवट असे व टाळ्यांची जागा जणू आधीच राखून ठेवलेली असे. प्रेक्षागृहातील दिवे पुरते मालवले जात नसत. सज्जांमधून भेटीगाठी, गप्पा, खाणेपिणे चाले. आवडता गायक पुढे आला म्हणजे सारे कान टवकारत. गायक हा राजा आणि नाट्य हे त्याचे सेवक, असाच तो व्यवहार होता.

या व्यवहारावर पहिला कठोर प्रहार केला तो जर्मनीच्या रिचर्ड वाग्नरने. संगीत हे नाट्याचे साधन असावयाचे, तेच साध्य होऊन बसले आहे, असा आक्षेप त्याने १८५१ साली लिहिलेल्या प्रबंधात घेतला. ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ १८६५ मध्ये म्युनिकला रंगभूमीवर आला. त्यात संगीताचा ओघ अंक संपेपर्यंत खळत नाही. टाळी वाजवावी तर कोठे, हेच श्रोत्याला उमगत नाही. एखाद्या व्यक्तीशी, वस्तूशी वा भावनेशी निगडित असे छोटे स्वरवाक्य वाद्यवृंदातून पुनःपुन्हा उमटते आणि पात्र जे बोलत नाही ते वाद्ये सांगून जातात. १८७६ साली बायरॉइट येथे त्याच्या स्वतःच्या नाट्यगृहात ‘निबेलुंगाची अंगठी’ ही चार ऑपेरांची मालिका सादर झाली. तेथे वाद्यवृंद रंगमंचाखाली दडविलेला होता आणि प्रेक्षागृहात अंधार होता. पाहण्यासारखे उरले ते एकच, समोरचे नाट्य!

इटलीच्या ज्युझेप्पे वेर्दीने हीच वाट आपल्या मातीतून शोधली. ‘ऐदा’ १८७१ मध्ये कैरोला झाला. त्यानंतर सोळा वर्षे त्याने नवा ऑपेरा रंगभूमीवर आणला नाही. १८८७ साली मिलानच्या ‘ला स्काला’त ‘ओतेल्लो’ आला तेव्हा त्याचे वय त्र्याहत्तर होते. कवी बोइतोने शेक्सपिअरच्या नाटकावरून रचलेल्या या ऑपेराला प्रास्ताविक वाद्यसंगीत नाही. पडदा वर जातो तो थेट वादळात. पदे आहेत, पण ती संवादातून उगवतात आणि संवादातच विरून जातात. १८९३ च्या ‘फाल्स्ताफ’मध्ये तर सूर शब्दाच्या पाठोपाठ अक्षरशः धावतो.

घडण बदलली तशी पात्रेही बदलली. बिझेची ‘कार्मेन’ १८७५ मध्ये पॅरिसला आली. तिची नायिका विड्यांच्या कारखान्यातील कामकरीण आहे आणि तिचा खून रंगमंचावरच होतो. पहिले स्वागत थंडच झाले आणि तीन महिन्यांनी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, बिझे निवर्तला. ‘कार्मेन’चे यश त्याला पाहावयास मिळाले नाही. मास्कान्यीने १८९० मध्ये सिसिलीच्या खेड्यातील मत्सर आणि सूड गाइला, तर पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’मध्ये, १८९६ साली, माडीवरील थंड खोलीत एक शिवणकाम करणारी मुलगी क्षयाने मरण पावली.

‘ला बोहेम’चा तो पहिला प्रयोग तुरीन येथे आर्तुरो तोस्कानीनीने संचालित केला. पुढे ‘ला स्काला’त त्याने पुनरावृत्तीच्या मागणीविरुद्ध झगडा मांडला आणि १९०३ साली एका प्रयोगात प्रेक्षक हट्टास पेटले तेव्हा तो नाट्यगृह सोडून निघून गेला. त्याचा हट्ट समजण्याजोगा आहे. मरणारी मुलगी पुन्हा उठून तेच गाऊ लागली, तर तिच्या मरणाला अर्थ काय उरला?

तथापि या स्थित्यंतरात काही हरपलेही. प्रेक्षक हा मैफलीतील भागीदार होता, तो अंधारातील मूक साक्षीदार झाला. म्हणूनच २००७ साली ‘ला स्काला’त हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या गायकाने कित्येक दशकांची प्रथा मोडून एक पद पुन्हा गाइले, त्याची वार्ता जगभर झाली. ते पद वाग्नरचे नव्हते, उत्तरवयातील वेर्दीचेही नव्हते. ते होते दोनिझेत्तीच्या १८४० सालच्या ऑपेरातील, ज्या काळी टाळ्यांची जागा संगीतकार स्वतःच राखून ठेवीत असे.