घामाचा भाव, कामाचा हुरूप

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत दिवस उजाडायच्या आत पाड्यापाड्यांवरून माणसे कामाला निघतात. कुणी घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत, कुणी डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांत, कुणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, तर कुणी हद्द ओलांडून उंबरगाव-वापीला. भात घरात आले, दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. त्यांना कामावर ठेवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: माणसे मन लावून काम करत नाहीत, न सांगता घरी बसतात, यांच्यात हुरूप कसा आणायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. याच मातीत ते दोनदा मिळाले आहे.

पहिले उत्तर 1945 सालचे. त्या काळी इथला वारली आदिवासी सावकार-जमीनदारांच्या शेतावर वेठीने राबत होता. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून बांधले जात. असा माणूस नांगरामागे रेंगाळला, की मालक त्याला आळशी म्हणत. पण ज्याच्या घामाला भावच नाही, त्याने झपाझप पावले कशासाठी टाकायची? 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी शेतावर राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा 500 पौंड गवताला अडीच रुपये हा दर मागून त्यांनी संप केला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. तरी माणसे मागे हटली नाहीत. ज्यांना आळशी म्हटले गेले, त्यांनीच हे धैर्य दाखवले. गोदावरीबाईंनी ही सारी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. कामगार हाताखाली असलेल्या प्रत्येकाने ती वाचावी.

या लढ्यातली एक गोष्ट आजच्या मालकांनी नीट पाहावी. वारल्यांची मागणी मोजता येण्यासारखी होती: इतक्या कामाला इतके दाम. माप डोळ्यांसमोर होते आणि दर आधी ठरलेला हवा होता. आजही कामगाराचे मन सर्वांत आधी विटते ते इथेच. पाटी मोजताना हात आखडतो, जादा तास वहीत चढत नाहीत, उचलीचा हिशेब त्याला वाचून दाखवला जात नाही, पगाराची तारीख पुढे पुढे सरकते. हे सारे तसेच ठेवून दसऱ्याला मिठाईचा पुडा वाटला, म्हणून हुरूप येत नाही.

दुसरे उत्तरही 1945 पासूनचेच, पण वेगळ्या घरातले. त्या वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या आणि बालशिक्षणाचे काम सुरू झाले. 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे हाती घेतले गेले. या कामासाठी गावपाड्यांतल्या बायकामुलींना बालसेविका म्हणून तयार केले गेले. त्यांना काम शिकवले गेले आणि मग ते त्यांच्यावर सोपवले गेले. ज्या वस्तू त्या लहानपणापासून हाताळत आल्या, त्याच शिकवण्याची साधने झाल्या. आपल्याला जे येते त्याला इथे किंमत आहे, हे कळले की माणूस कामात जीव ओततो.

चिकूचेच पाहा. कोणते फळ उतरवण्याजोगे झाले, कोणत्या फांदीवर भार टाकू नये, पावसात कुठले खोड निसरडे होते, हे वर्षानुवर्षे झाडावर चढणाऱ्या गड्याला पक्के ठाऊक असते. फळाची प्रत ती निवडणाऱ्या बाईच्या हाताला नजरेआधी कळते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावामागे या हातांची पारख आहे. पण त्यांना कुणी विचारतो का, की काम सोपे कसे होईल?

म्हणून माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी हिशेब स्वच्छ हवा. त्यानंतर पिण्याचे पाणी, सावली, बायकांसाठी स्वच्छतागृह, झाडावर चढणाऱ्यासाठी भक्कम शिडी आणि चढ्या आवाजाविना बोलणे. त्यापुढे शिकवणे आणि जबाबदारी. बक्षीस आणि कौतुक हवेच, पण ते यानंतर शोभते. पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारणाऱ्याकडे माणसे टिकत नाहीत.

बागायतदार, कारखानदार, मुकादम आणि ठेकेदार बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. आपल्या प्रत्येक माणसाला हजेरीवही उघडून दाखवा, त्याचा हिशेब त्याच्या भाषेत समजावून सांगा आणि पगाराचा दिवस ठरवून तो पाळा. मग त्याला विचारा, हे काम आणखी चांगले कसे करता येईल. तो जे सांगेल ते मन लावून ऐका.