यंत्रांची कुजबुज आणि माणसाचा विवेक
(हीरक महोत्सवातील भाषण)



बंगळुरूत सायंकाळी पाऊस सुरू झाला की सिल्क बोर्ड चौकाकडे जाणारी वाहने मुंगीच्या पावलांनी सरकू लागतात. तेवढ्यात कोरमंगलातून निघण्याच्या तयारीत असलेला एखादा गृहस्थ फोन उघडतो आणि नकाशावर तोच रस्ता लाल झालेला पाहतो. ही वार्ता त्याला कोणी कळविली? एकाही चालकाने नव्हे. ज्यांनी आपल्या फोनवरील स्थानसेवा चालू ठेवली होती, त्यांच्या फोनांनीच आपापली जागा आणि गती मध्यवर्ती संगणकाकडे धाडली. संगणकाने त्या तुकड्यांची सांगड घातली, पूर्वीच्या नोंदींशी ती ताडून पाहिली आणि निष्कर्ष पुन्हा फोनांकडे पोहोचविला. गुगल नकाशांची ही रहदारी-सूचना २०१२ मध्ये भारतातील ज्या पहिल्या काही शहरांना मिळाली, त्यांत बंगळुरू होते. स्थळ, काळ आणि गरज ओळखून मिळणाऱ्या अशा सेवेला संदर्भाधारित सेवा म्हणतात.

काही वेळा फोन थेट एकमेकांशीच बोलतात. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपमध्ये ब्लूटूथच्या टप्प्यात आलेले दोन फोन परस्परांच्या सांकेतिक खुणा टिपून ठेवीत. पुढे एकाचा धनी करोनाबाधित निघाला, तर दुसऱ्याला इशारा मिळे. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांचे नावही विचारलेले नसे. ओळख मात्र यंत्रांनी करून घेतलेली असे. ज्यांच्या हाती साधा फोन होता, ते या कुजबुजीबाहेर राहिले. त्यांच्यासाठी पुढे १९२१ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली.

यंत्रांनी वाटलेले ज्ञान नेहमी खरेच असते, असेही नाही. २०२० च्या आरंभी बर्लिनमधील कलावंत सिमोन वेकर्ट यांनी एक प्रयोग जगापुढे आणला. हातगाडीत ९९ फोन ठेवून ते रस्त्यांवरून सावकाश चालत गेले. रस्ता मोकळा होता. नकाशावर मात्र वाहतुकीची कोंडी दिसू लागली. संगणकाला फोनांची मंद गती कळली, गाडीसोबत एकच माणूस आहे हे कळले नाही. म्हणून डोळ्यांसमोरचा रस्ता पाहण्याची सवय मुलांना लागलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न संमतीचा आहे, आणि त्याचा धागा याच शहराशी जुळतो. बंगळुरूचे रहिवासी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात तर १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे.

परंतु घरोघरी दिसणारे चित्र निराळे आहे. आईवडिलांच्या फोनवर नवे अ‍ॅप मूल उतरवून घेते, आणि ‘मान्य’ या शब्दावर बोटही तेच ठेवते. कायद्याने पालकाच्या हाती दिलेला अधिकार अशा रीतीने न वापरताच निसटतो. फोन हिसकावून घेणे हा त्यावर उपाय नव्हे. मुलाला शेजारी बसवून परवानग्यांची यादी उघडावी आणि तीन प्रश्न विचारावेत : कोणती माहिती जाते? कोणाकडे जाते? कशासाठी जाते? उत्तर सापडले नाही, तर ती परवानगी बंद करावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे अशा प्रणाली घडवितात, त्यांनी हेच प्रश्न आपल्या टेबलावरही ठेवावेत आणि त्यांत चौथ्याची भर घालावी : या सोयीपासून वंचित कोण राहतो?

फोन एकमेकांना काय सांगतात, हे मुलांना समजावून सांगण्याचे काम फोन करणार नाहीत. ते घराने आणि शाळेनेच करावयाचे आहे.